नोटिशीच्या कोऱ्या बाजूविषयी : महाराष्ट्रातील महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील महानगरपालिकांचे सर्व आयुक्त

विषय : जुन्या इमारतींतील घरमालकांसाठी प्रत्येक प्रभाग कार्यालयात सहाय्य कक्ष सुरू करण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

तुमच्यापैकी एका महानगरपालिकेच्या हद्दीत, 1989 साली भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या चोवीस सदनिकांच्या इमारतीत मी राहतो आणि गेली सहा वर्षे आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. शहराचे नाव मुद्दामच लिहीत नाही. एका कार्यालयाला किंवा एखाद्या अधिकाऱ्याला बोल लावण्याचा माझा हेतू नाही, आणि इतर शहरांतल्या संस्थांच्या सचिवांशी वेळोवेळी जे बोलणे झाले त्यावरून एवढे कळले आहे की शहर बदलले तरी गोष्ट फारशी बदलत नाही.

दोन वर्षांपूर्वी, मे महिना संपता संपता, आमच्या जिन्याखालच्या फलकावर पालिकेचा कर्मचारी एक नोटीस चिकटवून गेला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 265-अ प्रमाणे तीस वर्षे उलटलेल्या इमारतीची तपासणी पालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून करून घ्यावी, इमारत राहण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र सादर करावे, न केल्यास 25,000 रुपये किंवा वार्षिक मालमत्ता कराएवढी रक्कम, यांपैकी जे अधिक असेल तेवढा दंड होऊ शकतो, आणि दरम्यान काही दुर्घटना घडल्यास तिची सर्वस्वी जबाबदारी रहिवाशांची राहील, असा तिचा मजकूर होता. शेवटचे वाक्य ठळक अक्षरांत छापलेले होते. तारखेच्या जागी पेनाने तारीख घातली होती आणि कागदाची मागची बाजू कोरी होती.

नोटिशीत चूक काहीच नव्हती, हे आधीच सांगतो. ज्या राज्यात 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याची बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 74 माणसे गेली आणि 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची तारिक गार्डन ही दहा वर्षेही जुनी नसलेली इमारत पडून 16 जण दगावले, तिथे इमारतींची तपासणी सक्तीची असायलाच हवी. उलट महाडचे उदाहरण पाहिले, तर तीस वर्षांची अट फारच सैल आहे असे म्हणावे लागते. पण महाडनंतर महिनाभरातच भिवंडीत जिलानी इमारत पहाटेच्या झोपेत कोसळली, आणि त्या इमारतीला आधी नोटीस बजावलेली होती असे तेव्हा पालिकेकडून सांगण्यात आले. नोटीस बजावली गेली, तरीही माणसे त्या इमारतीतच झोपलेली होती. नोटीस मिळणे आणि घर सुरक्षित होणे यांच्या मधली जी वाट आहे, ती घरमालकाने एकट्याने चालायची असते, आणि त्या वाटेवर पालिकेचे कुणीही भेटत नाही. मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे.

ती वाट कशी असते हे सांगितल्याशिवाय मागणीला अर्थ राहणार नाही, म्हणून जरा तपशिलात जातो.

नोटीस घेऊन मी प्रभाग कार्यालयात गेलो. तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी सौजन्याने वागवले, खुर्ची दिली आणि नोंदणीकृत इंजिनीअरांच्या यादीची झेरॉक्स हातात ठेवली. यादीत नाव, पत्ता आणि फोन नंबर, एवढेच. पहिल्याच नंबरवर फोन लावला तेव्हा त्या गृहस्थांना जाऊन वर्ष झाल्याचे त्यांच्या मुलाने सांगितले. पुढच्या काही नंबरांवरून शेवटी तीन दरपत्रके आली, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त दरांत जवळजवळ तिपटीचा फरक निघाला. कार्यकारिणीच्या बैठकीत ती शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा लक्षात आले की तिन्ही माणसे तीन वेगवेगळी कामे सांगत होती. एकाने डोळ्यांनी पाहणी आणि काँक्रीटवर ठोका देऊन त्याचा कठीणपणा मोजणारा रिबाउंड हॅमर एवढ्यावर प्रमाणपत्र देण्याची तयारी दाखवली होती. दुसऱ्याने काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडून आतल्या पोकळ्या शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी धरली होती. तिसऱ्याने त्यावर सळ्या किती गंजल्या आहेत हे सांगणारी हाफ-सेल चाचणी, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटची सळ्या राखण्याची ताकद घटते ते कार्बोनेशन किती खोल गेले आहे याची तपासणी आणि निवडक कॉलममधून काँक्रीटचे गोल नमुने काढून प्रयोगशाळेत दाबून पाहणे, इतके सारे घातले होते. आमच्या चोवीस घरांत बँकेतून निवृत्त झालेले तिघे आहेत, चार शिक्षक आहेत, एक वकील आणि एक दंतवैद्य आहेत. सिव्हिल इंजिनीअर एकही नाही. सर्वसाधारण सभेचा कल कुठे गेला असेल हे सांगायला नको. सर्वांत स्वस्त कागद घेऊन पालिकेच्या तोंडावर मारावा, असेच बहुतेकांचे म्हणणे पडले, आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण महागडा कागद का घ्यावा हे पटवून देण्याइतके ज्ञान माझ्याकडेही नव्हते.

आमच्या आकाराच्या, आमच्या वयाच्या इमारतीसाठी किमान कोणत्या चाचण्या व्हायलाच हव्यात, किती ठिकाणी व्हायला हव्यात आणि त्यांचा साधारण दर काय असतो, हे एका पानावर छापून देणे पालिकेला अशक्य आहे का? तुमच्याकडे स्वतःच्या बांधकामांसाठी दरसूची असते, निविदांचे मसुदे असतात, पूल आणि शाळा तपासून घेण्याचा अनुभव असतो. ते शहाणपण कार्यालयाच्या कपाटात असते आणि त्याची गरज ज्याला आहे तो बाहेर बाकावर बसलेला असतो.

यापुढचा भाग अधिक कठीण होता. आम्ही अखेर मधला इंजिनीअर निवडला आणि त्याने पहिल्याच भेटीत विचारले, ‘मंजूर नकाशे आणि आरसीसी ड्रॉइंग आहेत का?’ आमच्याकडे नव्हती. बिल्डरची भागीदारी केव्हाच मोडली होती आणि वास्तुविशारदाच्या कार्यालयाच्या जागी आता मोबाइलचे दुकान आहे. मी पुन्हा पालिकेत गेलो. नकाशे नगररचना विभागाकडे असतात असे कळले. नगररचना विभागात सांगितले की एवढी जुनी फाईल अभिलेख कक्षात गेलेली असते. अभिलेख कक्षात सांगितले की स्थलांतराच्या वेळी गठ्ठे हलले आहेत आणि परवानगीचा क्रमांक असल्याशिवाय शोधणे शक्य नाही. आणि परवानगीचा क्रमांक होता तो नेमका त्या फाईलमध्येच. हे तिन्ही विभाग एकाच इमारतीच्या तीन मजल्यांवर आहेत. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तीस दिवस वाट पाहिली, प्रथम अपील केले आणि एकूण सात महिन्यांनी मजल्यांच्या आराखड्याची एक पुसट प्रत हाती आली. सळ्यांचे तपशील दाखवणारी ड्रॉइंग मिळाली नाहीत ती नाहीतच, त्यामुळे कॉलममध्ये लोखंड किती आणि कुठे आहे हे शोधायला यंत्र लावावे लागले आणि त्याचा खर्च वेगळा झाला.

मला इथे एक प्रश्न नम्रपणे विचारावासा वाटतो. आमच्या इमारतीला तीस वर्षे झाली हे पालिकेला कळले, ते कोणत्या नोंदीवरून? ती नोंद ज्या संगणकात आहे त्यात परवानगीचा क्रमांकही असणारच. मग नोटिशीवर आमच्या नावाखाली तो एक क्रमांक छापला असता तरी आमचे कित्येक हेलपाटे वाचले असते. जुने नकाशे स्कॅन करून, ज्या संस्थेला नोटीस दिली त्या संस्थेला त्याच टपालात पाठवता आले असते तर उत्तमच, पण तूर्त क्रमांक मिळाला तरी पुष्कळ झाले.

या सात महिन्यांत एक मंडळी मात्र आमच्याकडे आपणहून आली. नोटीस लागली त्याच आठवड्यात दोन विकासकांची माणसे पेढ्यांचे पुडे घेऊन दारात उभी राहिली. नोटीस लागल्याचे त्यांना कुठून कळले, हे मी विचारले नाही. ‘इमारत सी-1 मध्ये जाणार, आत्ताच सही करा, नंतर रस्त्यावर याल’ असे त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका वृद्ध जोडप्याला सांगितले आणि त्या दोघांनी पुढचे काही दिवस झोप घेतली नाही. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडायची इमारत, सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-2बी म्हणजे लोक राहत असतानाच संरचनेची दुरुस्ती करता येईल अशी, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, एवढी साधी वर्गवारी त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. ती सांगायची जबाबदारी नोटीस देणाऱ्याची होती, पण त्यांना ती सांगितली ज्याचा त्यात नफा होता त्याने, आणि तीही अर्धवट. आमचा अहवाल यथावकाश आला तो सी-2बी असा आला.

पुनर्विकासाला माझा विरोध नाही. पुष्कळ इमारतींना दुसरा इलाज उरलेला नाही, आणि त्यासाठी सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली 4 जुलै 2019 चे शासनाचे निर्देशही आहेत. माझे म्हणणे एवढेच आहे की दुरुस्तीने भागते की इमारत पाडावी लागते, हे घरमालकाला सांगणारा पहिला माणूस असा असावा की ज्याला त्या उत्तरातून काही मिळायचे नाही. मुंबईत दोन अहवाल परस्परविरोधी निघाले तर ते तांत्रिक सल्लागार समितीकडे जातात. तशी समिती असणे चांगलेच, पण ती भांडण झाल्यावर बसते. आम्हाला माणूस हवा आहे तो भांडणाच्या आधी.

पैशाविषयी थोडे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी, किमान पाव टक्का असा जमा करायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे अर्थातच त्या काळचा. आमच्याकडे एका सदनिकेचा बांधकाम खर्च 1,20,000 रुपये धरलेला आहे, म्हणजे दुरुस्तीसाठी वर्षाला 900 रुपये आणि सिंकिंग फंडात 300 रुपये. पस्तीस वर्षे नियमाने भरलेल्या या पैशांत आज परांची उभी राहते, कॉलमचे जॅकेटिंग, म्हणजे त्याभोवती नव्या काँक्रीटचे मजबूत आवरण, होत नाही. सर्वसाधारण सभेने निधी वाढवायला हवा होता, ही आमची चूक आहे आणि ती मी कबूल करतो. पण त्याच उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचे परीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करावे असेही म्हटले आहे, तर पालिकेच्या कायद्यात तीस वर्षांनी एकदा आणि मग दर दहा वर्षांनी. एक आकडा सहकार खात्याचा, दुसरा नगरविकास खात्याचा. दोन्ही आकडे आमच्यासाठीच आहेत आणि दोन्ही एकत्र ठेवून समजावणारे कुणी नाही.

दुरुस्तीसाठी जादा वर्गणी काढायची ठरली तेव्हा तळमजल्यावरच्या मावशींनी कर्ज काढण्याची तयारी दाखवली. बँकेने मालमत्ता कराची पावती मागितली आणि पावतीवर अजून काकांचे नाव होते. काकांना जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. वारसाने नाव लावण्यासाठी कोणते कागद लागतात हे नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर विचारले तर एकदा चार सांगितले गेले, पुढच्या खेपेला सहा. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अधिसूचित आहे, तिला मुदत आहे, मुदतीत न झाल्यास वरिष्ठांकडे अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांची शास्तीही आहे. पण सत्तरी उलटलेल्या बाईने आधी हा कायदा वाचायचा, मग पदनिर्देशित अधिकारी कोण ते शोधायचे आणि मग पहिले अपील लिहायचे, अशी अपेक्षा करणे म्हणजे औषधाची बाटली फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून रोग्याला शिडी आणायला सांगण्यासारखे आहे. अखेर खिडकीबाहेर टेबल मांडून बसणाऱ्या एका माणसाने पैसे घेऊन तीन आठवड्यांत काम करून दिले. त्याने काहीच गैर केले नाही. कोणते कागद कोणत्या क्रमाने लावायचे हे त्याला माहीत होते, आणि मावशींना हवे होते ते नेमके तेवढेच.

करसवलतींची तऱ्हाही अशीच. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 1 जानेवारी 2022 पासून माफ करण्याचा निर्णय झाला. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला 1970 पासून मिळणारी 40 टक्क्यांची सवलत मध्ये बंद पडून 2023 साली पुन्हा सुरू झाली, पण कित्येकांना ती मिळवण्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज पुराव्यांसह भरून द्यावा लागला. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते ती मात्र कुठेच अर्ज न करता लागते. हा टोमणा समजू नये. जी यंत्रणा एक गोष्ट आपोआप करू शकते ती दुसरीही करू शकेल, एवढेच सुचवायचे आहे.

घरांच्या दुरुस्तीत लक्ष घालणे हे स्थानिक संस्थेचे कामच नव्हे, असे उत्तर मला एकदा तोंडी मिळाले आहे. ते मला पटत नाही. याच राज्यात 1969 च्या कायद्याने मुंबई शहरातल्या जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला गेला आणि त्या इमारती दुरुस्त करण्यासाठी मंडळ नेमले गेले. तेव्हा अशा 19,642 इमारती होत्या आणि हे मंडळ आजही म्हाडाच्या अखत्यारीत काम करते. तिथले रहिवासी बहुतांशी पागडीचे भाडेकरू होते, मालक नव्हते, आणि मंडळाच्या कारभाराविषयी गिरगाव-लालबागकरांना विचारले तर ते चार गोष्टी सुनावतील, हे मला माहीत आहे. तरीही, कर घ्यावा आणि त्याच्या बदल्यात इमारतीची काळजी वाहावी हे तत्त्व इथल्या सरकारने पन्नास वर्षांहून आधी मान्य केलेले आहे. शिवाय अहवालात सुचवलेली दुरुस्ती मालकाने केली नाही तर आयुक्तांनी ती स्वतः करून घेऊन खर्च वसूल करावा, अशी तरतूद 265-अ मध्येच आहे. दुरुस्ती करून घेण्याचा अधिकार ज्यांना आहे, त्यांना दुरुस्तीविषयी सल्ला देण्याचा अधिकार नाही, असे कसे म्हणता येईल?

पूर्वी हे काम नगरसेवकाच्या कार्यालयातून थोडेफार होत असे. संध्याकाळी सात वाजता तिथे गेले की कुणीतरी कार्यकर्ता अर्ज लिहून देई, कोणत्या टेबलावर जायचे ते सांगे. त्यात ओळखीपाळखीचा भाग होताच, मतांचा हिशेबही होता. 2022 नंतर दीर्घकाळ बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते, तेव्हा तोही दरवाजा बंद झाला, आणि एक गोष्ट उघडी पडली : घरमालकाला मदत करणारी स्वतःची अशी व्यवस्था पालिकेकडे कधी नव्हतीच.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. प्रत्येक प्रभाग कार्यालयात आठवड्यातून निदान दोन दिवस एक अभियंता आणि एक अनुभवी लिपिक बसवावा आणि त्या जागेला ‘घर सहाय्य कक्ष’ किंवा तुम्हाला सुचेल ते नाव द्यावे. नवी इमारत नको, नवे ॲप तर मुळीच नको. टेबल, दोन खुर्च्या आणि अभिलेख कक्षाशी जोडलेला संगणक पुरे. नोटीस मिळालेल्या संस्थेने तिथे यावे, नोटिशीचा अर्थ समजून घ्यावा, आपल्या इमारतीचा मंजूर नकाशा मिळवावा, तीन दरपत्रके टेबलावर ठेवून कोणत्यात काय कमी आहे ते विचारावे. अभियंत्याने कुणाचे नाव सुचवू नये, फक्त काय विचारायला हवे ते सांगावे. अहवाल आल्यावर त्यातले कोणते काम पावसाळ्यापूर्वी करणे भाग आहे आणि कोणते काम पुढच्या वर्षावर ढकलता येईल, हे त्याने समजावून द्यावे. वारसनोंद, सवलतीचे अर्ज, नळजोडणीचे नाव हे लिपिकाने पाहावे. जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून दिली नसल्यास ती आदेशाने करून घेणे, हा विषय जिल्हा उपनिबंधकांचा आहे, पालिकेचा नाही. पण त्यासाठी लागणारे नकाशे आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत पालिकेकडूनच यायची असते, तेव्हा तेवढे तरी एका खेपेत मिळावे. ज्यांच्या शहरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे त्यांनी तिथल्या स्थापत्य विभागाची मदत घेतली तर मनुष्यबळाची अडचणही पुष्कळ कमी होईल.

आमच्या इमारतीचे काम आता निम्म्यावर आले आहे. पश्चिमेच्या बाजूला परांची बांधलेली आहे, पार्किंगमध्ये टेकू लावले आहेत आणि मावशींच्या खिडकीसमोरचा कॉलम गेल्या आठवड्यात जॅकेटिंग करून पुरा झाला. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पैशाअभावी पुढच्या वर्षावर गेले आहे.

पावसाळ्यापूर्वीच्या नोटिसा दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये छापल्या जातात. कक्ष सुरू करायला ठराव लागेल, पदे लागतील, अंदाजपत्रकात तरतूद लागेल, याची मला कल्पना आहे. पण पुढच्या नोटिशीच्या मागच्या बाजूला इमारतीच्या परवानगीचा क्रमांक, चार वर्गांचा अर्थ, किमान चाचण्यांची यादी, नकाशा मिळण्याचे ठिकाण आणि शंका विचारण्यासाठी एका अधिकाऱ्याचे पदनाम व दूरध्वनी क्रमांक, एवढे छापण्यासाठी यांपैकी काहीच लागत नाही. मसुदा करून हवा असल्यास मी तो लिहून द्यायला तयार आहे.

आपला विश्वासू,
एका गृहनिर्माण संस्थेचा सचिव